अँटिव्हायरसने गेमची फाइल पकडली : खोटा इशारा की खरा धोका? (विंडोज)

कळपाट :

विकत घेतलेला गेम, अधिकृत दुकानातून उतरवलेला, आणि सुरू करायला जावं तर कोपऱ्यात ‘थ्रेट्स फाउंड’. मुख्य एक्झी फाइल (गेम सुरू करणारी) क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या कोठडीत गेलेली, स्टीम म्हणतंय ‘मिसिंग एक्झिक्युटेबल’. यावर सल्ले सहसा दोनच मिळतात : ‘अँटिव्हायरस बंद करून टाक’ नाहीतर ‘सरळ फॉरमॅट मार’. पहिला सल्ला घातक आहे, दुसऱ्याची वेळ क्वचित येते. शहानिशा कशी करायची ते एका जागी असावं म्हणून हा धागा. क्रॅक, कीजेन, रिपॅक (गेम फुकटात चालवायच्या चोरट्या वाटा) यांची चर्चा इथे नको. त्यांत कोणी काय मिसळलंय याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

आधी बघा, अडवलं कोणी. निळी खिडकी येऊन ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ असं म्हणत असेल तर तो स्मार्टस्क्रीन, विंडोजचाच पहारेकरी. बहुतेक वेळा त्याला व्हायरस सापडलेला नसतो. फाइल इंटरनेटवरून आली आहे आणि फार थोड्या लोकांनी चालवली आहे, एवढंच त्याचं म्हणणं असतं. नव्या, छोट्या गेमला हे होणारच.

गेम चालतो, पण सेव्ह होत नाही किंवा दर वेळी सेटिंग पुसलं जातं? मग बहुतेक ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू आहे. पुष्कळ गेम डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरमध्ये सेव्ह ठेवतात आणि ही सोय अनोळखी प्रोग्रॅमला तिथे लिहू देत नाही. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन, तिथे ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’मध्ये गेमची एक्झी जोडायची. काम झालं.

विंडोज ११ वर ‘स्मार्ट अ‍ॅप कंट्रोल’ (अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी सोय) चालू असेल तर एकट्या गेमला सूट देण्याची सोय त्यात नाही. गेमवाल्यांनी फाइलवर डिजिटल सही (फाइल कोणाची ते सिद्ध करणारी खूण) करणं हाच खरा उपाय.

हे तिन्ही नसेल तर अँटिव्हायरसने खरोखरच काहीतरी पकडलंय. आता इशाऱ्याचं पूर्ण नाव वाचा. लोक ‘ट्रोजन’ एवढंच वाचतात आणि घाबरतात. महत्त्वाचा भाग शेवटी असतो. डिफेंडरचं (विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचं) ‘ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल’ हे नाव गेमच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसतं. शेवटचं ‘एमएल’ म्हणजे मशीन लर्निंगने बांधलेला अंदाज. ठरावीक व्हायरसची ओळख पटलेली नाही, फाइलची ठेवण संशयास्पद वाटली. अवास्टचं ‘आयडीपी.जेनेरिक’ वागणुकीवरून येतं, ‘फाइलरेपमालवेअर’ हे फाइल अनोळखी असल्यामुळे. नॉर्टनचं ‘डब्ल्यूएस.रेप्युटेशन.१’ त्याच जातीचं. ‘ह्यूर’, ‘जेन:व्हेरिअंट’, मॅकॅफीचं ‘आर्टेमिस’ हेही ढोबळ गटच. अंदाज म्हणजे चूकच असं मात्र नाही. या नावांखाली खरी मालवेअरही (घातक प्रोग्रॅम) पकडली जातात. फक्त तपासाला जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. उलट ‘लुम्मा’, ‘विडार’, ‘रेडलाइन’ अशी नेमकी नावं आली तर ते पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम आहेत. तिथे फाइल परत आणायचा विचारही नको.

गेमच का सापडतात? कारण अट्टल मालवेअर जे करतं त्यातलं बरंचसं गेमलाही करावं लागतं. गेममधली चित्रं, आवाज, नकाशे दाबून किंवा कुलूपबंद करून ठेवलेले असतात. स्कॅनरला आत वाचण्याजोगं काही दिसत नाही आणि लपवाछपवीचा वास येतो. कॉपीविरोधी यंत्रणा डीबगर (कोड उलगडून बघायचं साधन) चालू आहे का ते तपासते, कोड चालता चालता उलगडते. ओव्हरले (गेमवर दिसणारे थर) दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये डीएलएल (कोडच्या जोडफाइली) घुसवतात, लाँचर स्वतःच्याच एक्झी फाइली बदलतात, अँटिचीट (खेळातली फसवणूक रोखणारी यंत्रणा) कर्नेलपर्यंत, विंडोजच्या गाभ्यापर्यंत जाते. त्यात छोट्या स्टुडिओच्या फाइलवर सही नाही, आणि दर आठवड्याला नवी बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) म्हणजे दर आठवड्याला जगाला अनोळखी फाइल.

तपासाचा क्रम मी असा ठेवीन. ‘रिस्टोअर’ लगेच दाबू नका. प्रोटेक्शन हिस्ट्रीमध्ये जाऊन नाव आणि फाइलचा पूर्ण पत्ता टिपून घ्या. हिस्ट्री रिकामी दिसली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज डिफेंडरच्या ‘ऑपरेशनल’ नोंदी बघा : १११६ म्हणजे सापडलं, १११७ म्हणजे कारवाई झाली, ११२३ म्हणजे कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेसने अडवलं. पत्ता गेमच्याच फोल्डरमधला आहे का? स्टीमअ‍ॅप्सच्या ‘कॉमन’मधली गेमची एक्झी आणि टेम्पमधली कसल्याशा नावाची एक्झी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग अँटिव्हायरसच्या व्याख्या (व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी) अपडेट करून पुन्हा स्कॅन. बरेच खोटे इशारे इथेच मिटतात, कारण कंपनीने चूक आधीच दुरुस्त केलेली असते.

तरीही इशारा आला तर गेमवाल्यांच्या चर्चापानावर तीच बिल्ड, तेच नाव इतरांनाही दिसतंय का ते पाहा. आणि सगळं समाधानकारक वाटलं तरच ती एकच फाइल वगळायची. पूर्ण ड्राइव्ह नाही, पूर्ण स्टीम फोल्डर नाही. वगळल्यावर लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी’. हा क्रम उलटा केला तर स्टीम फाइल आणतं, अँटिव्हायरस उचलतं, स्टीम पुन्हा आणतं, आणि डेटा मात्र वाया जातो.

---

सह्यकडा :

उत्तम धागा. व्हायरसटोटल (एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणारी वेबसाइट) कसं वाचायचं ते इथेच जोडतो, कारण तिथे आकडा बघून बहुतेक जण चुकीचा निष्कर्ष काढतात.

तिथे अँटिव्हायरसची सत्तरच्या आसपास इंजिनं आहेत, पण ती सगळी स्वतंत्र नाहीत. बिटडिफेंडरचं इंजिन अनेक कंपन्या परवान्याने वापरतात. त्यामुळे बिटडिफेंडर, जी डेटा, एमसिसॉफ्ट, मुंबईचं ई-स्कॅन यांच्यापुढे एकच ‘जेन:व्हेरिअंट’ आणि पुढे तोच आकडा दिसला तर ते एकाच साक्षीदाराचं म्हणणं आहे, चौघांचं नाही. अवास्ट आणि एव्हीजी हीही एकच जोडी. रंगीत खुणा मोजण्याआधी नावं जुळवून बघा.

दोन-तीन इंजिनं, प्रत्येकाचं नाव वेगळं आणि ढोबळ, मोठी इंजिनं गप्प : खोट्या इशाऱ्याची शक्यता दाट. दहा-पंधरा इंजिनं आणि त्यांतली बरीचशी एकाच कुटुंबाचं नाव घेतायत : फाइल उडवा. मधल्या प्रकारात ‘डीटेल्स’मध्ये सही कोणाची आहे आणि फाइल पहिल्यांदा केव्हा दिसली ते पाहा. तासाभरापूर्वी पहिल्यांदा दिसलेल्या फाइलला शून्य खुणा असणं ही काही शाबासकी नाही. दोन दिवसांनी ‘रीअ‍ॅनालाइझ’ करून बघणं जास्त उपयोगाचं.

‘बिहेविअर’ हा भाग कोणी उघडतच नाही, आणि खरी माहिती तिथे असते. गेमने ब्राउझरच्या पासवर्डची फाइल उघडायला नको. शेड्यूल्ड टास्क बनवायला नको, पॉवरशेलमार्फत काही उतरवायला नको, डिफेंडरच्या वगळलेल्या यादीत स्वतःला घालायला तर मुळीच नको. यातलं एक जरी दिसलं तरी नाव ढोबळ आहे की नेमकं याला अर्थ उरत नाही.

फाइल चढवण्याआधी तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) तिथे शोधा. तिथे चढवलेली फाइल इतर संशोधकांना आणि कंपन्यांना उपलब्ध होते, तेव्हा सेव्ह फाइल, लॉग, खाजगी बीटा चढवू नका. मर्यादा ६५० एमबीची आहे, म्हणून पूर्ण गेम नाही, पकडलेली फाइलच द्यायची.

---

दुपारचा_चहा :

पण फाइल क्वारंटाइनमध्ये असताना हॅश काढायचा कशाचा? मूळ जागी तर ती नसते.

---

कळपाट :

@दुपारचा_चहा, बरोबर मुद्दा. रिस्टोअर करून लगेच मूळ जागी न ठेवता ती बाजूला काढता येते.

‘तपास’ असा रिकामा फोल्डर करा आणि फक्त तो डिफेंडरच्या एक्सक्लूजन्समध्ये घाला. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, प्रोग्रॅम फाइल्समधल्या विंडोज डिफेंडर फोल्डरमध्ये जा. तिथे ‘एमपीसीएमडीरन’ नावाचं साधन आहे (आज्ञा रोमन अक्षरांतच टाइप करायच्या, इथे उच्चार लिहितोय). त्याला ‘-रिस्टोअर -लिस्टऑल’ दिलं की क्वारंटाइनमधली यादी दिसते. मग ‘-रिस्टोअर -नेम’ पुढे इशाऱ्याचं नाव आणि ‘-पाथ’ पुढे तपास फोल्डरचा पत्ता. फाइल तिथे येते. तिच्यावर डबल क्लिक करायचं नाही, हे सांगायला नकोच.

मग पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’, एक रिकामी जागा (स्पेस), फाइलचा पत्ता. येणारा एसएचए-२५६ हा ६४ अक्षरांचा असतो. तो व्हायरसटोटलच्या शोधात टाका. इच (छोट्या गेमचं दुकान) वगैरेवरून घेतलेल्या गेमला निर्मात्याने पानावर हॅश दिला असेल तर त्याच्याशी जुळवा. न जुळणारा हॅश म्हणजे एकतर आवृत्ती वेगळी किंवा फाइल बदललेली. आवृत्तीचा आकडा तपासल्याशिवाय दुसरा निष्कर्ष काढू नका.

राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हेही याच वेळी बघून घ्या. टॅबच नसेल तर सही नाही. टॅब असेल तर सही निवडून ‘डीटेल्स’ दाबा. तिथे सही ‘ओके’ असल्याचं वाक्य हवं. नुसता टॅब दिसणं पुरेसं नाही. सही केल्यावर फाइल बदलली असेल तर टॅब तसाच राहतो, सही मात्र बाद ठरते.

शेवटी तपास फोल्डर रिकामा करून एक्सक्लूजनही काढून टाका.

---

पारवा :

स्टीमवरून घेतलेल्या गेमसाठी एवढा खटाटोप कशाला? तिथला गेम पकडला गेला तर इशारा खोटाच असणार. व्हॉल्व्ह (स्टीमची कंपनी) तपासल्याशिवाय काही येऊ देत नाही.

---

सह्यकडा :

@पारवा, या समजुतीनेच लोक फसलेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट गेम स्टीमवर आला, त्यात विडार हा माहितीचोर होता. व्हॉल्व्हने तो काढला आणि खेळलेल्यांना विंडोज पुन्हा टाकण्याचा विचार करा असं कळवलं. ‘ब्लॉकब्लास्टर्स’चं उदाहरण याहून वाईट. गेम आधी स्वच्छ होता, ३० ऑगस्ट २०२५ च्या अपडेटमधून क्रिप्टो पाकिटं रिकामी करणारा कोड आला. म्हणजे पहिल्या दिवशी केलेली तपासणी पुढच्या अपडेटला लागू होत नाही. २५ डिसेंबर २०२३ ला ‘स्ले द स्पायर’च्या ‘डाउनफॉल’ या चाहत्यांनी केलेल्या विस्ताराच्या निर्मात्यांची खाती हॅक झाली आणि स्टीमवरूनच चोर प्रोग्रॅम वाटला गेला. निर्माते प्रामाणिक, गेम चांगला, तरीही.

दुकान ओळखीचं असणं हा एक मुद्दा झाला, निकाल नव्हे. वर्षानुवर्षं चाललेला, भरपूर खपलेला गेम आज अचानक पकडला गेला आणि काल अपडेटही आलं नव्हतं, तर चूक बहुधा अँटिव्हायरसच्या नव्या व्याख्येत आहे. कालच आलेला, फारशी परीक्षणं नसलेला फुकट गेम असेल तर माझा कौल अँटिव्हायरसकडे.

---

बिनचूक_बिल्ड :

गेम बनवणाऱ्यांसाठी लिहितो. पुण्या-मुंबईतच काय, गावोगावी एकेकटे बसून गेम करणारे खूप आहेत आणि पहिल्याच प्रकाशनाला ‘तुमच्या गेममध्ये व्हायरस आहे’ ही प्रतिक्रिया त्यांचा जीव घेते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसा हा प्रकार आहे. जळू नये म्हणून करण्यासारखं बरंच काही आहे.

पायथनवर बनवलेला गेम पायइन्स्टॉलर या एक्झी बनवणाऱ्या साधनाने ‘वनफाइल’मध्ये, म्हणजे एकाच फाइलीत, बांधू नका. वनफाइल चालू झाली की स्वतःला टेम्पमधल्या ‘_एमईआय’ने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये उलगडते आणि तिथून चालते. मालवेअर टाकणारे प्रोग्रॅम नेमकं हेच करतात. शिवाय पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर (गेम सुरू करून देणारा भाग) सगळ्यांचा एकच. कोणा चोराने तो वापरला आणि तो काळ्या यादीत गेला की तुमचाही गेला. ‘वनडिर’ (सगळं एका फोल्डरमध्ये) वापरा, जमत असेल तर बूटलोडर स्वतः सोर्समधून कंपाइल करा, आणि यूपीएक्स (एक्झी दाबून लहान करणारं साधन) बंद ठेवा. यूपीएक्सने काही एमबी वाचतात, पण पॅक केलेली एक्झी म्हटल्यावर कित्येक इंजिनांच्या भुवया उंचावतात.

गोडो या गेम इंजिनमध्येही तीच गत. एक्सपोर्ट टेम्प्लेट सगळ्या गेमचं सारखंच असतं. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘गॉडलोडर’बद्दल लिहिलं : गोडोच्या स्क्रिप्टमध्ये मालवेअर लपवून १७,००० च्या वर संगणक बाधित केले गेले. इंजिनमध्ये दोष नव्हता, कुठलीही स्क्रिप्ट चालवणारं साधन असं वापरता येतं. पण असं काही झालं की स्कॅनर त्या साच्याच्या फाइलींकडे ताक फुंकून पिणाऱ्यासारखे बघतात. पीसीके (गेमची सामग्री असलेली फाइल) एक्झीमध्ये न मिसळता वेगळी ठेवा. एक्सपोर्टबरोबर ‘कन्सोल’ नावाची दुसरी छोटी एक्झी तयार झाली असेल तर ती खेळणाऱ्यांना देऊ नका; ती फक्त मुख्य एक्झी सुरू करते आणि विनाकारण पकडली जाते.

आयकन, आवृत्ती, कंपनीचं नाव, वर्णन ही एक्झीची माहिती भरा. रिकामी माहिती आणि इंजिनचा मूळ आयकन हे घाईत बनवलेल्या मालवेअरचंही लक्षण असतं.

सहीबद्दल : जून २०२३ पासून साध्या कोड सायनिंग प्रमाणपत्राचीही खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित उपकरणात ठेवावी लागते, त्यामुळे खर्च आणि कटकट दोन्ही वाढलेत. महागडं ईव्ही प्रमाणपत्र (जास्त कसून ओळख तपासून मिळणारं) घेतलं की स्मार्टस्क्रीन पहिल्या दिवसापासून गप्प बसतो, हेही आता राहिलेलं नाही. सही घ्यायची ती यासाठी, की कमावलेली पत प्रमाणपत्राच्या नावावर जमा होते आणि पुढच्या बिल्डला उपयोगी पडते. सही नसेल तर प्रत्येक बिल्ड शून्यापासून. म्हणून सही परवडत नसेल तर रोज बिल्ड टाकू नका, सुधारणा साठवून एकदम द्या.

आणि प्रकाशनाच्या चार-पाच दिवस आधी अंतिम बिल्ड मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इंटेलिजन्स पानावर द्या. तिथे ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ निवडायचं, ‘इनकरेक्टली डिटेक्टेड’ निवडायचं, इशाऱ्याचं नाव जसंच्या तसं लिहायचं. इतर कंपन्या बहुधा ‘इन्फेक्टेड’ हा पासवर्ड लावलेली झिप मागतात. मजकूर रागाचा नको. गेमचं पान, इंजिनची आवृत्ती, पॅकर वापरलाय का, हॅश, एवढं दिलं की काम लवकर होतं. मंजुरी त्या फाइलपुरती असते. नंतर एक अक्षर बदलून बिल्ड केली की हॅश बदलला.

---

गोवेकर_गेमर :

मॉड्सचं (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेल्या बदलांचं) काय? बेपइनएक्स हा मॉड लोडर टाकला की ‘विनएचटीटीपी.डीएलएल’ पकडली जाते, गेमच्या चित्राचं रूप बदलणाऱ्या रीशेडची ‘डीएक्सजीआय.डीएलएल’ तशीच.

---

कळपाट :

विंडोजच्या डीएलएलचंच नाव घेऊन गेमच्या फोल्डरमध्ये बसायचं, म्हणजे गेम आधी आपल्याला उचलतो, हीच या मॉड लोडरची पद्धत. मालवेअरही अगदी हीच युक्ती वापरतं, म्हणून इशारा तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखा आहे. अशी फाइल प्रकल्पाच्या मूळ गिटहबवरच्या प्रकाशनातूनच घ्या आणि हॅश त्याच्याशी जुळवा. यूट्यूबच्या वर्णनातल्या लिंकवरून नको. जून २०२३ मध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ हे मालवेअर कर्सफोर्ज या मॉडच्या साइटवरच्या माइनक्राफ्ट मॉड्समधून पसरलं होतं, तेव्हा मॉडच्या बाबतीत दुकानाच्या नावावर आणखीच कमी भिस्त ठेवायची.

चीट इंजिन, ट्रेनर यांना अँटिव्हायरस ‘हॅकटूल’ किंवा ‘पीयूए’ (बहुधा नको असलेला प्रोग्रॅम) म्हणतात. दुसऱ्या प्रोग्रॅमची मेमरी बदलणं हे त्यांचं कामच आहे, त्यामुळे तो शिक्का चुकीचाही नाही.

---

सह्यकडा :

ड्रायव्हरचा प्रकार वेगळा काढायला हवा. तिथे इशारा खोटा नसतो, पण फाइल व्हायरसही नसते. गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटिचीटचा ‘एमएचवायप्रॉट२’ हा रीतसर सही केलेला ड्रायव्हर. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवलं की रॅन्समवेअरवाले तोच ड्रायव्हर सोबत आणून अँटिव्हायरस बंद पाडत होते, आणि त्यासाठी त्या संगणकावर गेम असण्याचीही गरज नव्हती. मार्च २०२५ मध्ये डिफेंडरने ‘विनरिंग०’ला पकडायला सुरुवात केली, पंख्यांचा वेग आणि आरजीबी दिवे सांभाळणारी बरीच साधनं त्यावर चालायची. त्या ड्रायव्हरमध्ये माहीत असलेली कमजोरी आहे. अशा वेळी फाइल वगळू नका, तो ड्रायव्हर न वापरणारी नवी आवृत्ती घ्या.

---

तिठा :

क्विक हील वापरणाऱ्यांसाठी : एखादी फाइल वगळताना ती कोणकोणत्या तपासणीतून वगळायची ते निवडता येतं. सगळ्यांवर टिक करू नका. ओळखीच्या व्हायरसची तपासणी चालू राहू द्या, फक्त डीएनएस्कॅनसारखी अंदाजावर चालणारी तपासणी त्या फाइलपुरती वगळा. आवृत्तीनुसार नावं थोडी पुढेमागे असतील. दुसरं म्हणजे, वेगळा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर सहसा बाजूला होतो, तेव्हा डिफेंडरमधली एक्सक्लूजन्स इथे लागू होत नाहीत. दोन्हीकडे शोधत बसू नका.

---

दुपारचा_चहा :

आणि फाइल चालवून झाल्यावर ती खरंच चोर निघाली तर?

---

सह्यकडा :

संगणक नेटवरून तोडा. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, त्याच संगणकावरून नाही. आधी ईमेल, मग बँक, मग स्टीम, डिस्कॉर्ड. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण हे चोर ब्राउझरच्या कुकी (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) नेतात आणि कुकी असली की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही लागत नाहीत. प्रत्येक खात्यात ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. स्टीममध्ये वेब एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रॅमला खातं वापरू देणारी किल्ली) आपण बनवलेली नसताना दिसली तर रद्द करा. एक्सक्लूजन्सची यादी तपासा. आणि इथे मात्र विंडोज स्वच्छ टाकणंच योग्य.

---

पारवा :

मायक्रोसॉफ्टकडून निर्मात्याला ‘इशारा काढला’ असं उत्तर आलंय, तरी इथे गेम अजून पकडला जातोय. व्याख्या अपडेट केल्या आहेत.

---

कळपाट :

क्लाउडमधून आलेल्या तात्पुरत्या व्याख्या मागे राहिल्या असतील. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये वर सांगितलेल्या फोल्डरमधून ‘एमपीसीएमडीरन -रिमूव्हडेफिनिशन्स -डायनॅमिकसिग्नेचर्स’, ते संपलं की ‘एमपीसीएमडीरन -सिग्नेचरअपडेट’. मग व्हेरिफाय इंटेग्रिटी. तरी पकडला तर हॅश निर्मात्याला पाठवा. बहुधा त्यांनी मंजूर करून घेतलेली बिल्ड आणि स्टीमवर असलेली बिल्ड वेगळी निघेल.